मिशीचं सुतक

गुरुजी पहिल्यांदा लुगडं नेसून माझ्यासमोर उभे राहिले तेव्हा त्यांना मिशी होती. गुरुजी म्हणजे माझे यजमान. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, म्हणून मलाही तीच सवय लागली होती. झुपकेदार, तेल लावून पीळ दिलेली मिशी, तिच्यावर माझी नथ, आणि डोक्यावरून माझ्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा पदर. मी मांडीवरचं लेकरू चटईवर ठेवलं आणि भिंतीला टेकून पोट दुखेपर्यंत हसले. ते मात्र गंभीर होते.

"हासू नोको. पदर बराबर हाये का तेवढं सांग," म्हणाले.

ही गोष्ट पन्नास सालानंतरची, चांदा जिल्ह्याचे दोन तुकडे व्हायचे होते तेव्हाची. आमचं गाव वैनगंगेच्या काठी, तीन बाजूंनी जंगल. गुरुजी तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवायचे. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. घरोघरी पाहुणे, अंगणात बैलगाड्या, जिलेबीच्या कढया, कुणाच्या मुलीला कुणाचा मुलगा बघायचा त्याची कुजबुज, आणि संध्याकाळी नाटक. नाटक नसेल तर पाहुणे पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाला जातात, एवढी सरळ गोष्ट आहे. नाटक करायचं गावातल्याच माणसांनी, आणि बाईची कामंही पुरुषांनीच करायची. त्या वर्षी आमच्या गावानं एका आईचं नाटक निवडलं होतं. मुलगा वाया जातो, आई झुरते, शेवटी मुलगा सुधारतो आणि सगळे रडून घरी जातात. आईचं काम गुरुजींना मिळालं.

नाटक बसवणारा गावचा शिंपी. त्याला सगळे तालीममास्तर म्हणायचे. त्यानं गुरुजींना का निवडलं, तर त्यांचा आवाज मऊ होता आणि पाठांतर पक्कं. पण एक अडचण होती, आणि ती सात-आठ कोसांवर राहत होती. ती म्हणजे माझे सासरे, मामाजी.

गुरुजी पंधरा-सोळा वर्षांचे असताना त्यांनी स्वतःच्या गावात असंच बाईचं काम केलं होतं. नाटक ऐन रंगात आलेलं असताना मामाजी रंगमंचावर चढले, पोराचं गंगावन धरून त्याला खाली ओढलं आणि सगळ्या गावादेखत सांगितलं, "पुन्ना लुगडं नेसलास त मले बाप म्हनू नोको." मामाजी बोलायचे थोडं, पण बोललेलं परत घ्यायचे नाहीत. मला आईवडील नव्हते. आईच्या भावानं वाढवलं, लग्न लावून दिलं, आणि मग तोही गेला. माहेर म्हणून जायला मला घर नव्हतं. लेकराचं जावळ काढायचं होतं ते सासरच्या गावी, मामाजींच्या मांडीवर. ते दार बंद झालं असतं तर मी आणि माझं लेकरू जायचो कुठे?

म्हणून आम्ही ठरवलं की गुपित ठेवायचं. गुरुजी पडद्याआडून वाचणार आहेत, असं गावात सांगितलं. खरं काय ते नाटकातल्या मंडळींना ठाऊक आणि मला ठाऊक.

महिनाभर आमच्या घरात दार लावून तालीम चालली. मी भाकरी थापायची आणि हे माझ्या मागून डोक्यावर घागर घेऊन चालायचे. मला जीव तोडून शिकवावं लागायचं. "अजी, बाई पाय असे आपटत नाई. तुमी त पोलीस चालते तसे चालून राह्यले." मग ते इतके लाजत-मुरडत चालायचे की मला संशय यायचा. मी विचारलं, "हे कोनाचं पाहून शिकले?" तर म्हणाले, "तुवंच." मी पंधरा मिनिटं बोललेच नाही त्यांच्याशी. तालीममास्तरही वैतागला. म्हणाला, "गुर्जी, ही नवी नवरी झाली. मले तरन्या पोराची माय पायजे." पण मला, खरं सांगते, फार मजा येत होती. लग्न झाल्यापासून घर, चूल, बाळंतपण यांतून मी मान वर काढली नव्हती आणि आता नाटकातलं अख्खं काम मला तोंडपाठ झालं होतं. लेकराला न्हाऊ घालतानासुद्धा मी नाटकातल्या आईसारखी बोलायचे.

राहिली मिशी. ती झाकता येईल अशी गुरुजींची आशा होती. तालीममास्तरानं तिच्यावर सफेदा थापून पाहिला. चुन्यात पडलेलं झुरळ दिसावं तशी ती दिसायला लागली. शेवटी गुरुजींनी मन घट्ट केलं.

मंडईच्या आदल्या दिवशी भल्या सकाळी ते नदीवर गेले. न्हावी वाळूत वाट पाहत बसला होता. त्यानं मिशी उतरवली. हजामत झाली की आंघोळ केल्याशिवाय घरात यायचं नाही, म्हणून गुरुजींनी नदीत डुबकी मारली आणि ओल्या धोतरानंच निघाले. गारठा होता, म्हणून डोक्याला दुपट्टा गुंडाळला. आता तुम्हीच बघा. नदीकडून येणारा माणूस, अंगावर ओलं धोतर, डोकं झाकलेलं, मिशी सफाचट, आणि कुणी बघू नये म्हणून मान खाली. आमच्याकडे मिशी एकाच कारणानं उतरते, आणि ते कारण कुणाला विचारावं लागत नाही.

समोरच्या काकू अंगणात सडा टाकत होत्या. काकू म्हणजे आमच्या गल्लीच्या सर्वेसर्वा. माझं बाळंतपण त्यांनीच केलं होतं. गावात जन्म असो की मरण, काकू तिथे पहिल्या पोचायच्या आणि दुसरं कुणी आधी पोचलेलं त्यांना खपायचं नाही. त्यांनी हाक मारली, "का जी गुर्जी, का झालं?" गुरुजींना वाटलं, गुपित फुटलं. ते उत्तर न देता झपाझप घरात शिरले. काकूंनी तिथल्या तिथे ताडून टाकलं. माय तर चार वर्षांमागंच गेली. मग उरला कोण? बाप.

इकडे घरात काय झालं, तर लेकरानं बापाचं तोंड पाहिलं. हा कोण परका माणूस घरात आला, म्हणून त्यानं असा टाहो फोडला की कौलं हलली. गुरुजी त्याला घ्यायला पुढे गेले तसं ते आणखीनच किंचाळलं. आणि मला ते उघडं, गोरंमोरं तोंड पाहून हसू आवरेना. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दाराकडे पाठ करून बसले. खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काकूंनी दारातून पाहिलं ते एवढंच. गुरुजी तोंड लपवायला मागच्या खोलीत पळाले.

काकू आत आल्या, माझ्या गळ्यात पडल्या आणि त्यांनी गळा काढला. "कसं झालं व माय, असं अचानक कसं झालं व!"

मी घाबरले. काकूंची आई फार म्हातारी होती, माहेरी अंथरुणाला खिळलेली. मला वाटलं, गेली बिचारी. माझं हसू कुठल्या कुठे पळालं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "रडू नोका काकू. वय झालं होतं. सोनं झालं जीवाचं."

"वय झालं होतं खरं," काकू हुंदके देत म्हणाल्या, "पन नातू मांडीवर खेळवाचा राहून गेला ना व."

काकूंच्या आईला नातवंडं-पतवंडं मिळून अर्धं गाव होतं. मला जरा नवल वाटलं, पण रडणाऱ्या माणसाला हिशेब कुठे विचारायचा? मी रडायला लागले. एवढ्यात गल्लीतल्या बाया जमल्या. एकीनं माझ्या लेकराला उचललं. दुसरीनं चुलीवरचा भात उतरवला. तिसरीनं तांब्याभर पाणी माझ्या पेटत्या चुलीत ओतलं. धूर झाला आणि माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे मयत ज्या घरची, त्या घरची चूल विझवतात, हे मलाही ठाऊक होतं.

"माही चूल काऊन विझवता?" मी ओरडले. "मेलं कोन?"

काकूंनी डोळे पुसले आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. त्यांना वाटलं, दुःखानं पोरीचा तोल गेला. हळूच म्हणाल्या, "तुहा सासरा व माय."

मग काय लपवायचं? मी गुरुजींना हाक मारली, मिशीची खरी गोष्ट सांगितली, आणि गुरुजी दाराच्या फटीतून मान डोलवत राहिले. बाया आधी अवाक झाल्या, मग एकीला हसू फुटलं आणि सगळ्याच खाली बसल्या. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांना दोन गोष्टींचा राग आला होता. एक तर असलं मोठं गुपित त्यांना सांगितलं नव्हतं. दुसरं, "माहे एवढाले आसू फुकट गेले." आणि मग त्यांना आठवलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"माहा मानूस त दमणी जुपून गेला बी."

काका गल्लीतल्या दोघा-तिघांना दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, घेऊन मामाजींच्या मातीला निघाले होते. विचारायला थांबायला वेळ कुठे होता, माती होऊन गेली असती. गुरुजींनी शिंप्याची सायकल घेतली, तोंडाला दुपट्टा बांधला आणि पाठलाग केला. पण काकांनी जंगलातली आडवाट धरली होती. गुरुजी बाभळीच्या काट्यांनी पंक्चर झालेली सायकल हातानं ढकलत दुपारी परत आले. तोवर नाटकात आईचं काम कोण करतं ते सगळ्या गावाला कळलं होतं.

त्या दिवशी मी काही खाल्लं नाही. मधूनच हसू यायचं आणि लगेच मी दाराशी जाऊन वाट बघायची. काका परत येताना काय घेऊन येतील, याचाच विचार.

दुसऱ्या दिवशी, मंडईच्या ऐन गर्दीत, दमणी आली. काका पुढे खाली मान घालून बसलेले आणि मागे ताठ, पांढरी मिशी आणि काठी घेऊन, ज्यांच्या नावानं माझी चूल विझली ते मामाजी.

तिथे काय झालं ते काकांनी नंतर सांगितलं. हे लोक खांद्यावर पंचे टाकून, तोंडं पाडून मामाजींच्या खळ्यावर पोचले, तर मामाजी बैल फिरवत धान चुरत होते. यांना बघून म्हणाले, "कोन मेलं?" काका खांद्यावरचा पंचा काखेत लपवायला लागले. मग मामाजींनी त्यांना विहिरीचं पाणी दिलं, आपल्या हातानं भात रांधून वाढला, आणि जेवता जेवता सगळं काढून घेतलं. मिशी उतरली आणि गावात नाटक आहे, एवढं कळल्यावर त्यांना पुढचं कुणी सांगावं लागलं नाही. काका म्हणाले, "आमी आयुष्यात पयल्यांदा मयताच्या हातचं जेवलो."

मामाजी दमणीतून उतरले. सगळी गल्ली जमली होती, पाहुण्यांसकट. गुरुजी ओट्यावर उभे होते, शाळेतला मार खाणारा पोरगा उभा राहतो तसे. मामाजींनी त्यांच्या ओठांवरच्या मोकळ्या जागेकडे बराच वेळ पाहिलं.

"मी जित्ता हावो," म्हणाले. "पाहून घे."

गुरुजींनी ओठांवर हात धरला.

"बैल पानी पितील तवर थांबतो. मंग जातो. तू गावाले येऊ नोको. जावळ कुठी कराचं ते तुवं तू पाय."

एवढंच बोलून ते ओट्याच्या कोपऱ्यावर पाठ फिरवून बसले. दारामागे लेकराला घट्ट धरून मी उभी होते. तालीममास्तर धावत आला. गुरुजी त्याला म्हणाले, "मी नाई करत काम." शिंपी रडायचाच राहिला. गावात शेकड्यांनी पाहुणे, पडदे वडशाहून आणलेले, आणि आई नाही.

आणि तेव्हा मला राग आला. मामाजींचा नाही, गुरुजींचा. मी त्यांना आत ओढलं. म्हटलं, "मिशी गेली, बापाचा शब्दही गेला. आता काम नाई केलं त दोनी कशासाठी गेले? मिशी काई बापाच्या बोलन्यानं परत फुटनार नाई. महिनाभर मी तुमच्या मागं भाकरी करपवल्या, आता मुकाट्यानं जा आन नेसा." ते माझ्याकडे बघतच राहिले. मग लुगड्याचं गाठोडं उचललं आणि मागच्या दारानं गेले.

पदर कपाळापर्यंत ओढून मी ओट्यावर गेले. लग्न झाल्यापासून मी मामाजींसमोर तोंड उघडलं नव्हतं. सुनेनं उघडायचंच नसतं. पण रागाचा आवेग शिल्लक होता.

"मामाजी, बैल कालपासून चालून राह्यले. काका आज जुपनार नाई. रातभर इथीच राहा लागन. भात टाकते."

समोरून काकांनी मान डोलवली. बैल खरंच थकले होते. मामाजींनी माझ्याकडे न पाहता विचारलं, "हा नाटक कराले गेला?"

"हो," मी म्हटलं.

ते पुन्हा पाठ फिरवून बसले. भात मात्र जेवले. दिवे लागायच्या वेळेला नाटकाचा ढोल वाजायला लागला तसं सगळं गाव चटया-घोंगड्या घेऊन निघालं. मामाजी म्हणाले, "पोराले माह्यापाशी ठेव. तू जा. मी नाई येत." मला वाटलं, चला, निदान नातू मांडीवर घेतला. मी काकूंसोबत पळत सुटले. लेकराला मागे सोडून कुठे जायची माझी ती पहिलीच वेळ होती, आणि चपलाही घालायच्या विसरले.

मांडवात गॅसबत्त्या फुसफुसत होत्या. बायांची बाजू वेगळी, आम्ही अगदी कडेला. पडदा वर गेला आणि हिरव्या लुगड्यातली आई आली. नाकात नथ, अंबाडा, मिशीचं नाव नाही. गावातल्यांनी टाळ्या पिटल्या. पहिला प्रवेश छान झाला. चाल मी शिकवली तीच, जरा नवरीसारखीच. काकू म्हणाल्या, "तूच दिसते व."

दुसऱ्या प्रवेशात माझ्या कानावर ओळखीचं रडणं आलं. वळून पाहिलं तर मांडवाच्या कडेला मामाजी उभे. खांद्यावर माझं लेकरू, हातपाय झाडत भोकाड पसरलेलं. म्हाताऱ्यानं घरी सगळे उपाय करून पाहिले असणार, नाहीतर ते आले नसते. गर्दीमुळे त्यांना माझ्यापर्यंत यायला जागा नव्हती. बत्त्यांचा उजेड दिसला तसं लेकरू गप्प झालं, तोंड उघडं टाकून रंगमंचाकडे बघत राहिलं. मामाजी मात्र रंगमंचाकडे पाठ करून, खांबासारखे ताठ उभे राहिले. मी उठून त्यांच्याकडे जायला लागले, पण मध्ये चटया, पाय, झोपलेली मुलं.

रंगमंचावर मुलगा शेतातून उशिरा घरी येतो तो प्रवेश होता. आईचं वाक्य मला पाठ होतं, "बाळा, किती रे विलंब केलास" असं काहीतरी पुस्तकी. गुरुजी ते विसरले. कदाचित त्यांनी मांडवाच्या कडेला उभी असलेली ती पाठ पाहिली असेल. मागून वाचणारा वाक्य सांगत होता, पहिल्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं, पण गुरुजी नुसते उभे. मग त्यांनी एक हात कमरेवर ठेवला, अंगाचा सगळा भार एका पायावर टाकला, आणि मी कधी न शिकवलेल्या, जाड्या, थकलेल्या आवाजात म्हणाले,

"आला का गा? जेवला का कुठी? का तसाच हिंडून राह्यला उपाशी?"

मांडव चिडीचूप झाला. हे पुस्तकातलं नव्हतं, हे तर गावातल्या कुठल्याही घरातलं होतं. मी सासूबाईंना पाहिलं नव्हतं. त्यांचा फोटोही कुणी काढलेला नव्हता. पण मला एकदम कळलं की ही मी नव्हे.

मामाजी वळले. सावकाश, आधी मान आणि मग सगळे. रंगमंचावरची आई कमरेवर हात ठेवून उत्तराची वाट बघत होती. मुलाचं काम करणारा गडी गोंधळला होता, त्याला यावर काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं.

"जेवलो," मामाजी म्हणाले.

मोठ्यानं नाही, घरात बोलतात तसं. पण सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. पाहुणे हसले, मागून कुणी शिट्टी मारली. मला रडू फुटलं. लाजही वाटली, म्हातारा माणूस चार लोकांत असा बोलून गेला म्हणून. मी चटया तुडवत कशीबशी त्यांच्यापर्यंत पोचले आणि त्यांच्यासमोर उभी राहून लेकराला घ्यायला हात पुढे केले. म्हटलं, "चला मामाजी, घरी चला."

त्यांनी लेकरू दिलं नाही. डोळे रंगमंचावरून हलले नाहीत. मोकळ्या हातानं त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला सारलं.

"बस खाली, बाई," म्हणाले. "मले दिसून नाई राह्यलं."